पेलिंगफर्ड हॉलचा बटलर

देवदत्त आपटे बटलर झाला त्याला सव्वा वर्ष होऊन गेलं होतं, पण पुण्यात ही बातमी अजून कोणालाच नव्हती. तिथे तो 'एका हेरिटेज साइटवर ऑपरेशन्स बघतो' असं सांगितलं गेलं होतं. हे वाक्य त्याने स्वतः घडवलं होतं आणि त्यावर तो फार खूश होता, कारण त्यातला एकही शब्द खोटा नव्हता आणि अख्खं वाक्य मात्र साफ खोटं होतं. आठवड्यातले तीन दिवस सेंदाईहून तासाभराच्या बसने डोंगरात जायचं, मागे शेपट्या असलेला काळा कोट चढवायचा, पांढरे हातमोजे घालायचे आणि सहलीला आलेल्या शाळकरी मुलांना कपाची दांडी कशी धरायची ते इंग्रजीत शिकवायचं, हे त्याचं ऑपरेशन्स. घरी तो स्वतः चहा बशीत ओतून प्यायचा.

पुण्यात असताना तो सॉफ्टवेअर टेस्टर होता. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढणं हा त्याचा धंदा होता, आणि त्या चुका तो इतक्या मनापासून काढायचा की ऑफिसात कॅन्टीनला त्याच्या टेबलावर सहसा कोणी बसत नसे. मग तेजश्रीला, म्हणजे त्याच्या बायकोला, सेंदाईच्या विद्यापीठात धातूंवर संशोधन करायचं बोलावणं आलं. 'तू जा, मी येतो मागून, मला काय कुठेही काम मिळेल' असं देवदत्त छाती पुढे काढून म्हणाला होता. साडेतीन वर्षांत त्याला जपानी आली ती सुपरमार्केट आणि कचऱ्याचे वार एवढ्यापुरती. त्याच्या व्हिसावर आठवड्याला अठ्ठावीस तासांच्या बाइतोची, म्हणजे अर्धवेळ कामाची, परवानगी होती. तेवढ्यात बसणारं आणि जपानी न येणं हीच पात्रता असलेलं काम त्याला अख्ख्या प्रांतात एकच सापडलं.

पेलिंगफर्ड हॉल हा खरा होता, म्हणजे निदान पुढच्या बाजूने तरी खरा होता. साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात एका लोकरीच्या व्यापाऱ्याने तो बांधला. पुढे वारसांना त्याचं छप्पर परवडेना, तेव्हा सेंदाईच्या एका मासळीच्या वड्या करणाऱ्या कारखानदाराने तो विकत घेतला, दगडांवर नंबर घालून जहाजाने आणला आणि आपल्या गावच्या डोंगरात पुन्हा उभा केला. साताऱ्याच्या पेढेवाल्याने फ्रान्सचा राजवाडा उचलून आणून वाईच्या घाटात मांडावा, तसाच हा प्रकार. पुढचा भाग, ओकची जमीन, मोठा दिवाणखाना आणि त्याच्यावरची लाकडी गॅलरी अस्सल. मागे सगळं काँक्रीट, त्यात किचन आणि गरम सीटची टॉयलेट्स. समोर हिरवळ, कापून चौकोनी केलेली झुडपं, गुलाबाची बाग आणि एक तळं. तळ्याच्या काठावर मात्र अस्वलापासून सावध राहायची पाटी होती, आणि हिरवळीच्या टोकाला असलेल्या थंड पेयांच्या मशीनवर दगडासारखा रंगवलेला लाकडी खोका चढवलेला होता. ही पाटी काढली आणि मागच्या जपानी देवदारांचा डोंगर कॅमेऱ्यात येऊ दिला नाही, की इंग्लंड तयार व्हायचं. जपानी मालिकांमध्ये कोणी विलायतेला गेलं की ते हमखास इथेच येत असे.

इथे देवदत्तचं नाव डेव्हिड होतं. हॉलच्या मॅनेजर होशिनो-सान, म्हणजे होशिनोबाई, या साठीच्या, अत्यंत सभ्य बाई. त्यांनी पहिल्याच दिवशी चार वेळा माफी मागून सांगितलं, की आपटे-सान हे नाव फार चांगलं आहे, पण मुलांना बटलर भेटल्यासारखं वाटणार नाही. देवदत्तने विचार केला की नाव गेलं तर गेलं, कोट तरी मापाचा आहे.

घरात एक माणूस मात्र या नोकरीवर अजिबात खूश नव्हता. मैत्रेयी अकरा वर्षांची, पाचवीत, आणि जपानी शाळेत अशी मुरलेली की बाबाने मराठीत विचारलं तरी उत्तर जपानीतच यायचं. एका ऑक्टोबरच्या संध्याकाळी तिने शाळेचा कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला. पाचवीची इंग्रजी सहल, ठिकाण पेलिंगफर्ड हॉल, सव्वीस नोव्हेंबर, वार बुधवार. बुधवारी देवदत्तची ड्युटी असायची.

"बाबा, तू त्या दिवशी सुट्टी घे," ती म्हणाली, आणि हे मराठीत म्हणाली, त्यावरूनच मामला गंभीर आहे हे त्याला कळलं. त्या दिवशी शूटिंगही असल्याने सुट्टी मिळण्यासारखी नव्हती. मग तिने हळूहळू सगळं सांगून टाकलं. वर्गात आईबद्दल सगळ्यांना माहीत होतं, आई विद्यापीठात सायंटिस्ट. बाबाबद्दल विचारलं तेव्हा तिने सांगितलं होतं की तो भारतात असतो, कंपनीत मोठा आहे. शाळेत सगळ्या मीटिंगांना भाषा येते म्हणून तेजश्रीच जायची, त्यामुळे हे दोन वर्षं बिनबोभाट चाललं होतं. आता तिचं म्हणणं एवढंच होतं, की सुट्टी मिळत नसेल तर त्याने तिला ओळख दाखवू नये.

"काही हरकत नाही," देवदत्त म्हणाला. "बटलरला कुटुंब नसतंच. पुस्तकात बघ."

हा विनोद त्याला तेव्हा बरा वाटला. रात्री भांडी घासताना तो तेवढा बरा वाटेना. त्याला वाईट वाटलं, आणि ते चांगलं महिनाभर टिकलं. मुलीवर रागावावं, तर त्याने स्वतः पुण्याला काय सांगितलं होतं? हेरिटेज आणि ऑपरेशन्स. ती तर बिचारी निम्मंच खोटं बोलली होती. आपल्या मुलीने एकदा, कधीतरी, चार लोकांत आपल्याकडे बोट दाखवून 'हा माझा बाबा' असं म्हणावं, एवढी एकच गोष्ट त्याला हवी होती, आणि ती मागून मिळण्यासारखी नाही हेही त्याला समजत होतं.

सव्वीस तारखेला सकाळी बस आली. बत्तीस मुलं पोर्चमध्ये रांगेने थांबली. प्रत्येकाने बूट काढले, त्यांची टोकं बाहेरच्या दिशेने वळवून ठेवली आणि सपाता घातल्या. ओकच्या जमिनीला ओरखडा येऊ नये म्हणून हॉलचा हा नियम सगळ्यांनाच होता. शूटिंगचे साठ लोकही पहाटेपासून सपाता घालून वावरत होते आणि त्यांच्या बुटांच्या रांगा पोर्चभर लागल्या होत्या. आत बूट घालायची मुभा फक्त पोशाखातल्या माणसांना, त्यांच्याही तळव्यांना खाली मऊ फेल्ट चिकटवून. त्यामुळे त्या घरात बूट घालून चालणारा सकाळी एकटा देवदत्तच होता, आणि सव्वा वर्षानंतरही घरात बूट घालून चालताना त्याला चोरी केल्यासारखं वाटायचं. त्याच्या आईने हे बघितलं असतं तर ती आधी फरशी पुसायला धावली असती आणि मग त्याच्यामागे.

मैत्रेयी तिसऱ्या टेबलावर बसली होती. देवदत्तने तिला इतर एकतीस मुलांना म्हटलं तसंच 'मिस' म्हटलं, तिच्या कपात चहा ओतला आणि तिची करंगळी सरळ केली. तिने खाली बघत 'थँक यू' म्हटलं. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात एका पोनीटेलवाल्या मुलीने हात वर करून घोटवलेल्या इंग्रजीत विचारलं, की डेव्हिड-सान कोणत्या गावचे.

"लंडन," देवदत्त म्हणाला.

मुलीने एकदा त्याच्याकडे आणि एकदा मैत्रेयीकडे बघितलं. देवदत्तच्या चेहऱ्यात लंडन कुठेही नव्हतं, सदाशिव पेठ मात्र नाकापासून हनुवटीपर्यंत होती. तिने जपानीत मैत्रेयीला विचारलं, की तुमच्याच देशाचे वाटतात ना गं हे. मैत्रेयी शांतपणे म्हणाली, की नाही, ते इंग्लिश आहेत. देवदत्तला तेवढं जपानी येत होतं. त्याने चहादाणी उचलली आणि तो पुढच्या टेबलाकडे गेला, आणि आपण किती झकास काम करतो आहोत याचा त्याला मुळीच आनंद झाला नाही.

दुपारी बाराच्या सुमारास शूटिंगच्या लोकांची धांदल उडाली. मालिका होती एका जपानी बाईची, जी शंभर वर्षांपूर्वी इंग्रज सरदाराशी लग्न करून विलायतेला येते आणि म्हातारपणी एकटी उरते. म्हातारपणाचं काम करणाऱ्या कुराता-सान स्वतः एक्याऐंशी वर्षांच्या होत्या. साठ वर्षं पडद्यावर, जपानभर घराघरांत ओळखीच्या. बाहेर उभं राहून त्यांचं नुसतं दर्शन घ्यायला गावातल्या म्हाताऱ्या आल्या होत्या. त्या दिवशी त्यांचा शेवटचा प्रसंग होता. नवऱ्याचं शेवटचं पत्र वाचायचं, घडी घालायची, आणि बटलर गाडी आल्याची वर्दी देतो तेव्हा उठून या घरातून कायमचं निघायचं. पण बटलर करणारा गोरा नट टोकियोत तापाने आडवा झाला होता. त्याचे कपडे आले, बूट आले, तो आला नाही.

दिग्दर्शक डोकं धरून बसला असताना होशिनो-सान यांनी चहाचे कप आवरणाऱ्या देवदत्तकडे बोट केलं. दिग्दर्शकाने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, की अभिनय केला आहे का. देवदत्तने होकार दिला. हेही खरंच होतं. कॉलेजात एकांकिका स्पर्धेत त्याने प्रेताचं काम केलं होतं आणि परीक्षकांनी त्याच्या संयमाचा खास उल्लेख केला होता.

मेकअपवाल्या मुलीने त्याला कल्ले चिकटवले, मग त्याला किती गोरं करायचं यावर तिची आणि कॅमेरामनची चर्चा झाली, आणि मेणबत्तीच्या उजेडात खपून जाईल असं ठरलं. बूट त्या नटाचेच घालावे लागले. काळे, चकचकीत, बकलांचे, आणि देवदत्तच्या पायाला तीन नंबर मोठे. आत कागद कोंबूया असं कोणीतरी म्हणालं, पण वेळ नव्हता. वाक्य एकच होतं, तेही इंग्रजी. 'युअर कॅरेज इज रेडी, माय लेडी.' सहा शब्द. देवदत्त ते मागच्या काँक्रीटच्या पॅसेजमध्ये वीस प्रकारे म्हणून आला.

वर होशिनो-सान यांनी आणखी एक मेहेरबानी केली होती. मुलांची बस तीनला होती. तोवर त्यांना गॅलरीत बसून शूटिंग बघू द्यावं, अशी परवानगी त्यांनी काढली. मुलं श्वाससुद्धा विचारून घेतील अशी हमी वर्गाच्या बाईंनी दिली. देवदत्तने वर बघितलं तेव्हा लाकडी कठड्याच्या दांड्यांमधून बत्तीस चेहरे खाली बघत होते, आणि उजवीकडून चौथा मैत्रेयीचा होता. बाप म्हणून नाही तर नाही, पण ती आपल्याला आता नट म्हणून बघणार, या विचाराने त्याने कोटाची बटणं पुन्हा एकदा तपासली.

पहिल्या सहा वेळा काही ना काही झालं. एकदा हेलिकॉप्टर, एकदा कावळा, एकदा गावाच्या भोंग्यावरून अस्वल दिसल्याची सूचना. दोनदा पत्राची घडी चुकली. एकदा देवदत्तच 'माय लेडी' आधी म्हणून बसला आणि मग गाडी शोधत राहिला. कुराता-सान दर वेळी नव्याने रडत होत्या आणि दर वेळी थोड्या अधिक थकत होत्या. डोंगरातला नोव्हेंबर, खिडकीतून आत आलेलं ऊन पावणेतीनला निघून जाणार होतं, आणि दिग्दर्शकाला तेच ऊन हवं होतं. अडीच वाजले तेव्हा त्याला एक कल्पना सुचली. बटलर आतल्या दाराने नको, थेट मोठ्या दरवाजातून बाहेरून येऊ दे. दरवाजा उघडेल, बाहेरचा उजेड जमिनीवर पसरेल, बाईंच्या चेहऱ्यापर्यंत जाईल.

देवदत्तला पोर्चमध्ये नेऊन उभं केलं आणि दरवाजा लावून घेतला. तो तिथे एकटाच होता. समोर हिरवळ, पायाशी ओळीने लावलेले नव्वदेक जोड बूट. तो मनात वाक्य घोळवत राहिला. आतून खूण आली. त्याने दरवाजा ढकलला, उजेड आत गेला, आणि त्याच्यामागून तो गेला. तो सावकाश चालला, बरोबर जागी थांबला, मान झुकवली आणि सहा शब्द असे म्हणाला की ते त्याचे त्यालाच ओळखू आले नाहीत. कुराता-सान यांनी मान वर केली. त्यांनी त्या उजेडाकडे, त्या दरवाजाकडे आणि त्याच्याकडे असं बघितलं, जणू या माणसाला आता आपण पुन्हा भेटणार नाही आणि याने चाळीस वर्षं आपलं घर सांभाळलं आहे. देवदत्तची मान आपोआप आणखी खाली गेली. अभिनय करायची त्याला गरजच पडली नाही.

दिग्दर्शकाने 'ओके' म्हटलं तेव्हा त्याचा आवाज फाटला होता. लाइट धरणारा दांडगा माणूस बाहीने डोळे पुसत होता. मग टाळ्या सुरू झाल्या, खालून आणि वरूनही. मैत्रेयी टाळ्या वाजवत होती, कठड्यावरून अर्धी पुढे वाकून, आणि पोनीटेलवालीच्या कानात काहीतरी सांगत होती. देवदत्तच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आता हा प्रसंग देशभर दिसणार होता. मालिका लागेल तेव्हा पुण्याला काय सांगायचं तेही त्याने ठरवून टाकलं, फक्त लिंक पाठवायची आणि गप्प बसायचं.

घाम पुसायला तो पोर्चमध्ये आला. दाराशीच, सगळ्या रांगांच्या पुढे, एक काळा चकचकीत बकलांचा जोड उभा होता. टोकं बाहेरच्या दिशेने व्यवस्थित वळवलेली.

देवदत्तने खाली बघितलं. पायांत जांभळे मोजे होते, हंड्रेड येन शॉपमधले, थंडीसाठी घेतलेले, ज्यांत प्रत्येक बोटाला वेगळा खण असतो तसले.

हे कसं झालं ते त्याला लगेच कळलं आणि म्हणूनच जास्त लाज वाटली. बाहेरून घरात पाऊल टाकायचं, समोर बुटांच्या रांगा. टाचेने टाच दाबून बूट काढणं आणि पायानेच ते नीट वळवून ठेवणं हे त्याच्या पायांनी परस्पर उरकलं होतं; डोक्याला विचारलंही नव्हतं. बूट तीन नंबर मोठे, ते सुटल्याचं जाणवलंही नाही. आणि आतल्या साठ माणसांना काही वावगं दिसलं नाही, कारण त्यांच्या दृष्टीने घरात आलेला माणूस जसा दिसावा तसाच तो दिसत होता. मेणबत्तीची उंची, पत्राच्या घड्या, कोटाची बटणं हे सगळं वहीत टिपणारी एक करारी बाई सेटवर होती. तिनेही बटलरचे पाय बघितले असणार आणि तिला बरं वाटलं असणार.

आता दोन रस्ते होते. बूट घालायचे आणि गप्प बसायचं. कदाचित पाय दिसत नसतील. दिसत असतील तर कोणाला कळणार नाही. जपानात कळणार नाही, पुण्यात तर नाहीच. आणि कळलं, तर जांभळ्या मोज्यांतला बटलर म्हणून कुराता-सान यांच्या शेवटच्या प्रसंगाला लोक वर्षानुवर्षं हसतील. देवदत्तने पंधरा वर्षं इतरांच्या चुका वेळेत सांगितल्या होत्या आणि त्याबद्दल मान वर करून फिरला होता. आज पहिल्यांदा त्याला समजलं की त्याचे सहकारी त्याच्या टेबलावर का बसत नसत. त्याने बूट हातात घेतले आणि तो आत गेला.

त्याच्या तोडक्यामोडक्या जपानीत त्याने सहायक दिग्दर्शकाला सांगितलं आणि कमरेत वाकला. सहायकाला आधी समजलंच नाही. मग सगळे मॉनिटरभोवती जमले. दरवाजा उघडला, तो सुंदर उजेड आत आला, आणि उजेडाच्या बरोबर मधोमध दहा जांभळी बोटं एकेक करून चालत आली. वहीवाली बाई मटकन खुर्चीत बसली. दिग्दर्शकाने खिडकीकडे बघितलं. ऊन गेलं होतं.

दिग्दर्शकाने डोळे मिटून थोडा विचार केला आणि निर्णय दिला, तो रास्तच होता. बाईंचा चेहरा जवळून घेतलेला आहे, तेवढाच ठेवू. बटलर दिसणार नाही. आणि मग आवाज तरी कशाला त्याचा, तो टोकियोत खऱ्या इंग्रजाचा घालून घेऊ. अशा रीतीने देवदत्तची अभिनय कारकीर्द दुपारी सुरू होऊन दुपारीच संपली. प्रेताच्या कामात निदान तो शेवटपर्यंत दिसला तरी होता.

सहायक मात्र तरुण होता आणि दिवसभराचा वैतागलेला. त्याने सगळ्यांसमोर, मोठ्याने, विचारलं, की इंग्लंडचे ना तुम्ही, मग बूट काढायचं सुचलंच कसं. वर गॅलरीत बत्तीस मुलं ऐकत होती. खरं उत्तर देवदत्तच्या ओठांवर होतं, आणि अगदी साधं होतं. पण सकाळी त्याने 'लंडन' म्हटलं होतं, आणि त्याच्या त्या एका शब्दावर वर कोणीतरी टेकून बसलं होतं.

"लंडनचाच आहे मी," तो जपानीत म्हणाला. "पण जपानात राहून सवय लागली. चूक माझी. माफ करा." आणि तो पुन्हा वाकला, एकदा दिग्दर्शकाला, एकदा वहीवाल्या बाईला, एकदा कुराता-सानना. हातातले बूट त्याच्याबरोबर वाकत होते. कोणीतरी फिसकन हसलं. वर पोनीटेलवालीने शेजारणीला म्हटलेलं सगळ्यांना ऐकू आलं, की डेव्हिड-सान वेडेच आहेत. मग मुलंही हसायला लागली. देवदत्तही हसला, कारण तेच सोपं होतं, आणि तो चौथ्यांदा वाकला.

"ते इंग्लिश नाहीत."

आवाज वरून आला होता. मैत्रेयी उभी राहिली होती. वर्गाच्या बाई तिला खुणेने बसवत होत्या, पण ती बसत नव्हती. ती ओरडली नाही, वर्गात प्रश्नाचं उत्तर द्यावं तसं स्पष्ट जपानीत बोलली. "ते लंडनचे नाहीत. पुण्याचे आहेत. ते माझे बाबा आहेत. ओळख दाखवू नको असं मीच त्यांना सांगितलं होतं. आमच्या घरी कोणीच बूट घालून आत येत नाही, म्हणून त्यांनी काढले." या सगळ्यात 'बाबा' एवढाच शब्द मराठी होता. तो कोणाला समजला नाही असं मात्र दिसलं नाही.

वाकावं की नाही हे देवदत्तला कळेना, म्हणून तो बूट धरून तसाच उभा राहिला. कुराता-सान खुर्चीतून हळूच उठल्या, मान तिरकी करून त्याच्या पायांकडे बघितलं आणि वर मुलीकडे बघत म्हणाल्या, की मलाही दिवसभर या घरात बूट घालून फार अवघडल्यासारखं होत होतं. मग त्यांनी खुर्चीचा आधार घेत आपले उंच टाचांचे बूट काढले आणि त्या तशाच मोज्यांवर मेकअपच्या खोलीकडे चालत गेल्या. देवदत्तला खाली बघावं लागलं, कारण डोळ्यांतलं पाणी कल्ल्यांपर्यंत पोचलं तर डिंक सुटेल असं मेकअपवालीने बजावलं होतं.

तीनला बस लागली. पाहुण्यांना निरोप द्यायचं काम बटलरचं, म्हणून तो पायऱ्यांशी उभा राहिला. मुलं ओळीने बूट घालून बाहेर येत होती आणि प्रत्येक जण वाकून म्हणत होता, मैत्रेयी-चानच्या बाबांना धन्यवाद. डेव्हिड-सान म्हणायचं कोणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं. पोनीटेलवालीने विचारलं, की पुणे लंडनहून लांब आहे का. देवदत्त म्हणाला, की बरंच लांब आहे.

मैत्रेयी ओळीत शेवटून दुसरी होती. तिचा चेहरा लाल होता आणि ती त्याच्या डोळ्यांत बघत नव्हती. ती पुढे निघून गेली. बसच्या पायरीवर एक पाय ठेवल्यावर मागे वळली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, मराठीत म्हणाली, "बाबा, येताना दूध आण. आई आज उशिरा येणार आहे."

देवदत्तने मान हलवली. बस वळणाआड जाईपर्यंत तो तिथेच उभा होता, आणि मग दूध एक लिटर आणायचं की दोन हे विचारायचं राहिलं, हे त्याच्या लक्षात आलं.